स्टार्टरवरची टोपी

शिनोलीच्या आमच्या विहिरीत जो उतरतो, तो आधी आपली टोपी काठावर मोटारीच्या स्टार्टरला अडकवतो. टोपी दिसली की बटणाला कुणी हात लावत नाही, वाकड्यात असलेला भाऊबंदसुद्धा. त्यामुळे फ्यूज काढून ठेवायची गरज कधी कुणाला वाटली नाही.

मी मात्र अण्णांना, म्हणजे वडिलांना, मोबाइलवरून मोटार चालू करायची सोय करून दिली होती. स्टार्टरजवळच्या डबीत अण्णांच्या फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिमकार्ड होतं आणि त्याच्यापर्यंत बाहेरून थेट पोचता येत नाही. म्हणून डबीच आतून माझ्या सर्व्हरशी सॉकेट, म्हणजे कायमची उघडी वाट, जोडून धरायची आणि मोबाइलवर बटण दाबलं की निघणारी वेब रिक्वेस्ट त्याच वाटेने आत जायची. सगळं जावास्क्रिप्टमध्ये, माझ्या हातचं. वर शहाणपणा असा की डबीची रेंज गेली तर रिक्वेस्ट सर्व्हरवर रांगेत थांबायच्या आणि जोडणी आली की आपोआप पुढे जायच्या. एकही वाया जाणार नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

त्या सकाळी मी घोडेगावच्या खोलीवर कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. अण्णांचा फोन आला. “तीनदा दाबलं, मोटार उचलत न्हाई. पंपाचा पंखा जाम झाला असंल. खाली उतरून हातानं फिरवून बघतो.”

“हं,” म्हटलं आणि फोन ठेवला.

मीटिंग संपल्यावर सहज सर्व्हर बघितला. डबीची जोडणी तुटलेली. रांगेत तीन रिक्वेस्ट, तिन्ही ‘चालू’. मोटार बिघडलीच नव्हती. रेंज आली की ती सुरू होणार होती, आणि अण्णांचा हात तिच्या उघड्या दांड्यावर असणार होता.

फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. अण्णा तो काठावर ठेवून उतरले असणार. सर्व्हर बंद करायला गेले तर घाईत पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा आत शिरले तेव्हा स्क्रीनवर नवी ओळ आली होती: जोडणी झाली. रांग रिकामी होती.

मी फोन लावतच राहिले. किती वेळ, आठवत नाही. एवढी भ्याले मी कधीच नव्हते.

मग अण्णांचाच फोन आला. मागे मोटारीचा आवाज होता.

“पाना वर राहिला म्हून चढून आलो, तवर ही सुरू झाली. कुणी केली?” मग म्हणाले, “टोपी तर अडकवली व्हती मी.”

“मी केली, अण्णा,” मी म्हणाले. मोटार बंद केल्याचा खटका तेवढा ऐकू आला.

दहा सेकंदांहून जुनी रिक्वेस्ट आता टाकून दिली जाते. चार ओळींचं काम होतं. अण्णांना ते नीट समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पण आता विहिरीत उतरताना ते फ्यूज काढून खिशात घालतात, आणि टोपी डोक्यावरच ठेवून खाली जातात.