सासरे सिनेमा सांगतात

सिनेमा बघायचा नसतो, सांगायचा असतो, असं मानणारा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या नशिबी आला. मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात) उभ्या आयुष्यात, एक अपवाद सोडला तर, एकही सिनेमा गप्प बसून पाहिला नाही आणि त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात बसलेल्या कुणाला तसा पाहूही दिला नाही. आता त्यांच्या आवाजाचा टप्पा काय विचारता! पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आलेला गडी तो. आपल्या बैलांना हाक घातली, तर ओढ्यापलीकडचे दुसऱ्याचे बैलसुद्धा जागच्या जागी थांबत.

मी सांगलीला हायस्कुलात मास्तर होतो आणि सासुरवाडी पाटणच्या अलीकडे, कोयनेकाठी. पहिल्या दिवाळसणाला गेलो तेव्हा तिथल्या बाजाराच्या माळावर सिनेमाचा तंबू पडला होता. मामा मला घेऊन गेले ते थेट पडद्याला खेटून बसले. तेही पडद्याकडे अर्धी पाठ करून, कारण लोकांची तोंडं दिसल्याशिवाय त्यांना सांगायला सुचत नसे. हातातल्या काठीनं ते माणसं दाखवत आणि त्या काठीची सावली नायिकेच्या नाकावरून हिंडत असे. पडद्यावर माणूस आला रे आला, की त्याचं गाव, घराणं आणि नातं मामा ठरवून टाकत. "ही फलटणकडची. त्यो काळा कोटवाला तिचा चुलता. मानूस बरा न्हाई." पुढं तो चुलता तिच्याशी लग्न करायला निघाला, तरी मामा माघार घेत नसत. "पिच्चरवाल्याची चूक हाय ती," म्हणून मोकळे होत. नायक बागेत गाणं म्हणायला लागला, की त्यांचा जीव खालीवर होई. "आरं, एवढी काळी भुई मोकळी टाकून नाचतोय काय! ऊस लाव की तिच्यात!"

एकदा त्या तंबूवाल्यानं कुठून तरी स्वस्तात एक जुना, बिनबोलता इंग्रजी चित्रपट आणला. मामांनी तो गावाला पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधाचा तंटा म्हणून सांगितला. "त्या टोपीवाल्यानं बांध कोरलाय. ही मोठी पाटलीण, ती सोडायची न्हाई. आता पंच येत्याल बघा!" शेवटी नायक-नायिका एकमेकांच्या मिठीत पडली, तेव्हा "मिटलं! दोगांनी समजुतीनं घेतलं," असं म्हणून मामांनी कपाळाचा घाम पुसला आणि साऱ्या तंबूनं सुटकेचा श्वास टाकला. चित्रपट सगळा बोटीवर घडत होता. बांध कोरायला त्यात ढेकूळभर मातीसुद्धा नव्हती. पण गावात त्यानंतर आठ दिवस पाटलिणीचीच बाजू न्यायाची कशी, यावर चर्चा चालली होती. तंबूवाल्यानं एकदा त्यांना गप्प बसायला सांगून पाहिलं, तर मामा उठले आणि त्यांच्यामागे निम्मा तंबू उठला. दुसऱ्या दिवशी तो बिचारा नारळ घेऊन घरी आला.

सांगलीला ते लेकीकडे आले म्हणजे मला धडकी भरे. इथं खुर्च्यांचं थिएटर, शिकलेसवरलेले लोक. मामांनी सांगायला सुरुवात केली की मागून "शू, शू" व्हायचं. त्याचा अर्थ मामा असा घेत, की मागच्यांना नीट ऐकू येत नाही, आणि आवाज चढवत. मी खुर्चीत इतका खाली सरकायचो की माझी टोपी तेवढी वर दिसायची. पण खरं सांगतो, मध्यंतरानंतर मागचे लोक पुढं येऊन बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. हळदीच्या पेठेतले एक शेटजी तर मला वाटेत गाठून विचारत, "पाहुणे पुन्हा कधी येणार हो?"

मग लढाईची वर्षं आली. मामांच्या गावातलं घरटी एक पोरगं पलटणीत गेलं होतं. मामांच्या भावकीतल्या हौसाआक्काचा एकुलता एक शिवाही गेला. आक्का लवकर विधवा झालेली, मामांना भावजी म्हणायची आणि त्यांच्या तोंडाळपणाला तोंडावर हसायची. "भावजींचं बोलणं म्हंजी पाखडल्याशिवाय घ्यायचं न्हाई," असं ती सगळ्यांसमोर म्हणे. शिवाचं पत्र येऊन पाच महिने झाले होते, त्या सुमाराला सरकारी प्रचाराची मोटार गावात आली. पारासमोर पडदा बांधला, भोंगा लावला आणि दिवेलागणीनंतर लढाईची चित्रं सुरू झाली. भोंग्यातला माणूस इंग्रजीत बोलत होता. सोबतचा दुभाष्या ताप येऊन कराडलाच राहिला होता, म्हणून मोटारवाल्यानंच विचारलं, कुणी सांगणारं आहे का? मामा आधीच पडद्याजवळ जाऊन उभे होते.

मी सुट्टीला म्हणून तिथंच होतो. पडद्यावर शिपाई नदी उतरत होते, खंदक खणत होते, आणि मामा रंगात आले होते. "ही आपलीच पलटण!" एकेका घराचा पोरगा ते काठीनं दाखवू लागले. आया, बायका हरखून पुढं सरकत होत्या. तेवढ्यात एक शिपाई मगातून चहा पिता पिता कॅमेऱ्याकडे बघून हसला. मामा ओरडले, "हौसा, त्यो बघ तुजा शिवा! चा पितोय!" आक्का उठून पडद्यापाशी धावली, पण चित्र पुढं सरकलं होतं. ती तशीच वळली आणि मामांना ओलांडून माझ्याकडे आली. "जावईबापू, भावजींचं सोडा. तुमास्नी विंग्रजी येतंय. त्यो बोलनारा आमच्या पोरांचंच सांगत हुता न्हवं? त्यो शिवाच हुता न्हवं?"

भोंगा काय म्हणाला ते मी स्वच्छ ऐकलं होतं. ती पलटण पंजाबातली होती आणि चित्रं गेल्या वर्षीची होती. पण सारं गाव माझ्याकडे बघत होतं आणि मामा मिशीत हसत उभे होते. सासुरवाडीला जावयाला बसायला पाट मिळतो, पोळीवर तूप मिळतं, पण चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडायची मुभा मिळत नाही. मी म्हणालो, "होय आक्का, शिवाच होता." तिनं त्याच रात्री घरोघर गूळ वाटला. माझ्या हातावर जरा मोठा खडा ठेवला.

दोन महिन्यांनी पलटणीचा कागद आला. शिवा लढाईत कामी आला होता. कागदावर तारीख होती आणि ती तारीख मोटार गावात येण्याच्या आधीची होती. गाव रडलं, आक्का रडली नाही. "कागद चुकलाय," ती म्हणाली. "त्या तारखेच्या म्होरं म्या त्येला बघितलाय. मेलेला मानूस चा पितोय व्हय? मास्तरास्नी इचारा." पडद्यावरचं चित्र आधी कधी तरी काढलेलं असतं, हे तिला कोण समजावणार? पडद्यावर दिसतं ते त्या घटकेला कुठं तरी घडत असतं, अशीच गावाची समजूत होती. तिनं ना दहावा घातला, ना पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवला.

त्यानंतर मामा एकटेच सांगलीला आले. पायरीवर बसून पाणीसुद्धा न घेता त्यांनी विचारलं, "त्यो भोंगा त्या दिवशी खरं काय म्हनत हुता?" मी सांगितलं. "मग तवा का न्हाई बोललासा?"

"तुमचा शब्द कसा खाली पाडू, मामा?"

"आवं, माजा कसला शबुद!" ते म्हणाले. "मी बोलतोच. माजं कोन खरं धरतंय? तुमी व्हय म्हनला म्हनून तिनं धरलं." इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, "आता तुमीच चला. तुमीच सांगा तिला."

मी गेलो. आक्काच्या ओसरीवर बसून, शब्द जुळवत, सगळं सांगितलं. ती पलटण वेगळी होती, चित्रं जुनी होती, मी खोटं बोललो. आक्का शेंगा फोडत होती. तिनं माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि मायेनं हसली. "भावजींनी धाडलं न्हवं तुमाला? मला वाटलंच. गाव माज्या अंगठ्यासाठी त्यांच्या मागं लागलंय. तवा तुमी खरं बोललासा, जावईबापू. आता सासऱ्याचा शबुद राखाया खोटं बोलताय. आसू द्या, मी न्हाई राग धरायची." आणि फोडलेल्या शेंगांचे दाणे तिनं माझ्या ओंजळीत घातले.

आक्का पुढं फार वर्षं जगली नाही. जगली तोवर तिचं रान मामांनी दर हंगामाला स्वतः नांगरून दिलं आणि तिनं ते शिवा येईपर्यंतची उसनवारी म्हणून करून घेतलं. मामांनी मात्र त्यानंतर एकही सिनेमा सांगितला नाही. तंबूवाला दोनदा बोलवायला आला, तर घसा धरलाय म्हणाले.

लढाई संपल्यावर एकदा ते सांगलीला आले होते. मीच हट्टानं त्यांना थिएटरात नेलं. मुख्य चित्रपटाआधी बातम्यांची चित्रं लागली. बोटीवरून शिपाई उतरत होते, हात हलवत होते. मामांनी मान खाली घातली. माझ्या मनात आलं, आता हे बोलतील, मोठ्यानं बोलतील, मागून लोक "शू" करतील, आणि करोत बापडे. मामा बोलले, पण माझ्या कानाशी. "मला न्हाई बघवत. ह्यात कुटं शिवा हाय का, तेवडं बघा."

मी डोळे ताणून एकेक तोंड पाहिलं.

"नाही, मामा," मी म्हणालो. एवढंच त्या पारासमोर बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. त्यांनी मान हलवली. मग मोठा चित्रपट सुरू झाला आणि तो आम्ही दोघांनी शेवटपर्यंत गप्प बसून पाहिला.