अर्जासोबत जोडायचा कागद

आमच्या गावात कोणी वारलं की घरची माणसं आधी माझ्या दारात येत. "काकू, कोणाकोणाले निरोप धाडाचा?" मग मी वही काढून वाचून दाखवायची. ही पद्धत माझ्या सासूपासूनची. तिला अक्षर येत नव्हतं, तिचं सगळं तोंडपाठ होतं. मी चौथी शिकलेली, म्हणून मी लिहून काढलं.

वहीत एकेका घराचं एकेक पान आहे. पानावर सगळ्यात वर सगळ्यात लांब दिलेली मुलगी. बालाघाटकडची वर, तिच्या खाली गोंदियाची, मग नागपूरची, मग भंडाऱ्याची, आणि पवनीची शेवटी. मुलगी आल्याशिवाय मयत उचलत नाहीत आणि लांबच्या मुलीला यायला वेळ लागतो, म्हणून असं. निरोप्या सायकलनं जायचा तेव्हा याला फार महत्त्व होतं. आता मोबाईल आला तरी लोक विचारायला येतात. त्यांच्या मोबाईलमध्ये साऱ्या जगाचे नंबर असतात, आजोबांच्या सख्ख्या बहिणीचा नसतो.

एकदा माझी चूक झाली. एका घरची मधली मुलगी दुसऱ्यांदा लग्न करून चंद्रपूरकडे गेली होती, ते मी लिहिलं नव्हतं. निरोप तिच्या जुन्या सासरी गेला. ती तिसऱ्या दिवशी आली आणि बापाच्या घरी जायच्या आधी माझ्या दारात उभी राहिली. "काकू, माझा बाप मेला अन् मले बजारात समजलं. तुमची वही चुलीत घाला." मी ऐकून घेतलं. तेव्हापासून गावात कोणाचंही लग्न झालं, मोडलं, पुन्हा झालं की मी जाऊन विचारून यायची. लोक मला चौकशीखोर म्हणायचे. म्हणोत.

माझी सून आशा वर्कर आहे. तिच्या फोनवर कुठून तरी एक पत्रक आलं. नागपूरला वंशावळ शोधणाऱ्या लोकांची परिषद भरणार होती. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी तीनशे शब्दांत विषय लिहून पाठवायचा, त्यांना पटला तर पंधरा मिनिटं मिळणार. सून म्हणाली, "आई, तुमच्या वहीवर बोला ना."

"तिथं शिकलेले लोक येतील."

"त्याइच्यापाशी वही नाही."

हे मला पटलं. मी सांगत गेले, तिनं फोनवर लिहिलं. मी सांगितलं ते एवढंच की पुरुषांच्या वंशावळीत मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ थांबते, आणि माझी वही तिथूनच सुरू होते. शिक्षणाच्या रकान्यापाशी सून थांबली. म्हणाली, "हे रिकामं सोडू का?" मी म्हटलं, चौथी पास लिही. ह्या वयात लाजून काय करायचं आहे.

शेवटी एक अट होती. आधार म्हणून घराण्याचा निदान एक जुना सरकारी कागद जोडावा. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये दोन गल्ल्या. आई आधीच गेली होती. बाप वारल्यावर जमीन भावाच्या नावावर चढली, त्या वेळी वंशावळ करून दिली असणार, एवढं मला ठाऊक होतं. सुनेला घेऊन मी पवनीच्या तहसीलात गेले, नकलेचा अर्ज दिला. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला कागद हातात आला.

मी तिथेच व्हरांड्यात बाकावर बसून वाचला. मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. वर बापाचं नाव. त्याच्या खाली एक रेघ आणि भावाचं नाव. त्याच्या खाली लिहिलं होतं, "मयताला एकच मुलगा असून मुलगी नाही. याशिवाय दुसरा कोणीही वारस नाही."

मी पुन्हा वाचलं. मग सुनेला दिलं. तिनं वाचलं आणि कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला दोन पंचांच्या सह्या होत्या. एक अंगठा होता, शेजारच्या शेतकऱ्याचा. दुसरी सही माझ्या वारलेल्या नवऱ्याची.

ती सही मी कुठेही ओळखीन. आडनावाची शेवटची रेघ लांब ओढून तिला खाली आकड्यासारखं वळण द्यायची त्याची सवय होती. बापाला मुलगी नाही असं माझ्या नवऱ्यानं सरकारला लिहून दिलं होतं, आणि त्या दिवशी घरी येऊन त्या मुलीच्या हातचं जेवला असणार. तारीख बापाच्या तेरवीनंतर महिन्याभरातली. तेरवीचा स्वयंपाक मी केला होता.

सून म्हणाली, "आई, चहा घ्या." मी म्हटलं, एस.टी. चुकेल.

दुसऱ्या दिवशी मी भावाकडे गेले. तो छपरीत बसून दोर वळत होता. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो झाला तेव्हा मी चौथीत होते. आई लोकांच्या शेतात धानाची रोपं लावायला, रोवण्याला जायची, मग त्याला सांभाळायला घरी कोण राहणार? मी राहिले. मला शाळेची फार आवड होती असं मी म्हणणार नाही, पण सोडली ती त्याच्यासाठी.

"ये बाई. चहा मांडाले सांगू का?"

"चहा नको. हे वाच."

त्यानं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "कोठून आणलं हे?"

"पवनीहून. तवा मी मेली होती का?"

"तसं नाही ना बाई. बहिणीचं नाव लावलं का तिची सही लागते, नोटीस निघते, महिने जातेत. मले फेरफार लौकर पाह्यजे होता."

"सही दोन गल्ल्या दूर होती."

"तू देली असती?"

"देली असती. तुले मी कोणत्या गोष्टीले नाही म्हटलं?"

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाला, "मी भाऊजीले पुसलं होतं. बाईले सांगाले मीच येऊन राहिलो होतो. तेच म्हणाले, तिले कायले सांगतोस, घरात कटकट होईल. पंच म्हणून मीच सही करतो. पण बोडीच्या पाण्याचं पाह्यजो."

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला बांधलेलं लहान तळं. भावाच्या शेताच्या डोक्यावर एक आहे, आणि त्याच्या खालच्या उताराला आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले वावराचे तुकडे. दरवर्षी पाऊस ओढला की तो आपल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आम्हाला पाणी सोडायचा. तीस वर्षं सोडलं. गावात दुसरा कोणी कोणाला असं देत नाही. पाणी आलं की नवरा पाय धुऊन ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, "तुझा भाऊ लई चांगला आहे." मला बरं वाटायचं. मी बायकांना सांगत फिरायची की भाऊ असावा तर असा.

"मी फुकट नाही घेतलं, बाई," भाऊ म्हणाला. "पाणी देऊन राहिलो ना इतके वर्ष."

"कोणाले देऊन राहिला? त्याचा करार तुमचा दोघांचा. मले तर तू मायेनं देतो असं वाटत होतं."

"मायेनंही देतो."

"किती मायेनं अन् किती सहीबद्दल, ते सांग."

तो हसला. उगीच हसला, लहानपणी काही फोडलं की हसायचा तसा. म्हणाला, "आता नागपूरले जाऊन भावाचा पंचनामा करशील का? का कोर्टात जाशील?"

"जमीन नको मले. या वयात ती घेऊन कोठं ठेवू?"

"मंग काय पाह्यजे?"

"तुम्ही मले एकदा पुसाले पाह्यजे होतं. हक्कसोड लिहून देली असती. त्याच्यात निदान मुलगी आहे असं तरी लिहावं लागते."

 मी उठले तेव्हा तो म्हणाला, "बाई, दुसरा कोणता कागद लाव. मतदारयादी लाव, रेशन कार्ड लाव. हा नको लावू. गावात तोंड दाखवाचं आहे मले."

मी घरी आले. रात्रीच्या जेवणाआधी मुलाला सगळं सांगितलं. त्यानं बापाच्या सहीकडे थोडा वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हा तरी काही बोलेल.

"आई," तो म्हणाला, "धान निसवून राहिलं."

निसवणं म्हणजे धानाच्या पोटातून लोंबी बाहेर येणं. त्या दिवसांत पाणी तुटलं की दाणा भरत नाही. आश्विन चालू होता आणि आठ दिवसांपासून पाऊस नव्हता.

"मंग?"

"मंग काय. दहा दिवस थांब. पाणी घेऊन होऊ दे, मंग पाठव."

"अर्जाची मुदत परवा संपते."

"तू तिथं पंधरा मिनिटं बोलशील. इथं सालभर खाचं आहे आपल्याले."

त्याचं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. शेत तो करतो, चिखलात तो उभा राहतो. पण त्याला आपल्या बापाबद्दल काहीच विचारावंसं वाटलं नाही, हे मी ध्यानात ठेवलं. बापानं आईला पाण्याच्या बदल्यात दिली आणि मुलगा तेच पाणी सांभाळायला सांगत होता. सून स्वयंपाकघरात होती. तिनं पोळीचा तवा जरा जोरात ठेवला.

नवरा वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी हात उचलला नाही, दारू घेतली नाही, मला पायात चपला घातल्याशिवाय शेतात जाऊ दिलं नाही. म्हणूनच मला हे उमजत नाही. त्याला वाईट म्हणता आलं असतं तर मी एका रात्रीत मोकळी झाले असते. मेलेल्या माणसाशी भांडायचं तर दोन्ही बाजूंनी आपणच बोलायचं. मी त्या दोन दिवसांत तेच केलं. त्याच्या बाजूनं बोलताना मला एकच उत्तर सुचत होतं, की त्याला यात काही वावगं वाटलंच नसेल. बायकोच्या बापाची जमीन तिच्या भावाकडे जाते, एवढंच त्याच्या डोक्यात. मग तिला विचारायचं काय? हे उत्तर मला सगळ्यात जास्त लागलं.

मुदतीच्या दिवशी दुपारी सून ड्युटीवरून आली. मी म्हटलं, काढ फोन. आधीच्या लिखाणात मी शेवटी दोन वाक्यं वाढवली. "सोबतच्या कागदात मयताला मुलगी नाही असं लिहिलं आहे. ती मुलगी मी आहे." सुनेनं ते लिहिलं आणि विचारलं, "कागदावरची नावं झाकू का? आजकाल झाकतेत."

"भावाचं झाक. अंगठावाल्याचं झाक."

"अन् मामाजींची सही?" सासऱ्याला ती मामाजी म्हणते.

"ती राहू दे."

"आई, मामाजी आहेत ते."

"कोण आहेत ते मले माहीत आहे."

भावाला मी तोंडावर विचारू शकले. त्यानं उत्तर दिलं, बरं-वाईट जे असेल ते. त्याचं नाव झाकायला माझी हरकत नव्हती. ज्याला विचारता येत नाही त्याची सही मी का झाकू? सुनेनं अजून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाठवायचं बटण दाबलं. लगेच एक ओळ आली की तुमचा प्रस्ताव मिळाला, निवड झाल्यास कळवू.

संध्याकाळी मी मुलाला सांगितलं. तो ताटावरून उठला नाही. जेवण होत आल्यावर म्हणाला, "इंजनाचं पाहतो मी. नाल्यात किती पाणी आहे ते पाहा लागते."

सकाळी तो शेतावर गेला आणि तासाभरात परत आला. चेहरा उजळला होता. "आई, मामानं पाणी सोडलं. वरच्या दोन बांध्या भरल्या."

मी म्हटलं, "त्याले सांगितलं नाहीस ना, मी अर्ज पाठवला म्हणून?"

तो खाली पाहू लागला. म्हणजे सांगितलं होतं. कधी, ते मी विचारलं नाही.

मी सुनेला भावाचा नंबर लावायला सांगितला. त्यानं दुसऱ्या घंटीलाच उचलला.

"मी कागद पाठवला," मी म्हटलं.

"मालूम आहे मले."

"मंग पाणी काहून सोडलं?"

 मागे पाण्याचा आवाज येत होता, तो धुऱ्यावरच उभा असावा. मला वाटलं, आता म्हणेल की बाई, चुकलं माझं. किंवा म्हणेल की कागद परत घे.

"धान निसवून राहिलं ना, बाई," तो म्हणाला.

हे त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. उभं धान वाळताना पाहून हात आखडणारा माणूस तो नाही. ते बापानं आम्हा दोघांना शिकवलं होतं. पण त्या पाण्यानं मी बापाची मुलगी होत नव्हते, आणि तू बापाची मुलगी आहेस, असं तो म्हणत नव्हता. मी आणखी थोडं थांबले. तोही थांबला असेल. मग तो म्हणाला, "ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.

नागपूरहून अजून काही कळवलेलं नाही. सून रोज फोन पाहते. मी पंधरा मिनिटांत काय बोलायचं ते कागदावर उतरवून ठेवलं आहे आणि घड्याळ लावून मोठ्यानं वाचून पाहते. मुलगा घरात असला तरी वाचते.