परीक्षेसाठी एक तोंड

प्यो उन्सिल माझ्या लक्षात आली ती तिच्या पेन्सिल धरण्यामुळे. मार्च महिना होता, वर्ग नवीन होता, मी जमाखर्चाचा तास घेत होते. चाळीस मुली खाली माना घालून लिहीत होत्या. खिडकीजवळच्या या मुलीने मात्र पेन्सिल मुठीत धरली होती, अंगठा वर दाबून. काहीतरी भोसकायचं असावं, तशी.

"अगं, ती पेन्सिल आहे," मी म्हटलं.

"हो बाई. हात असाच वळलाय."

तिने मूठ उघडून दाखवली. तर्जनीच्या बाजूला पांढऱ्या बारीक रेघा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. आमच्या थोंग्यंगसारख्या बंदराच्या गावात असा हात बघितला की पुढे विचारावं लागत नाही. तिची आई बंदरावरच्या शेडमध्ये कालवं फोडायची आणि हिवाळ्याच्या सुट्टीत उन्सिल तिच्या शेजारी उभी राहायची. आखूड सुरी शिंपल्याच्या फटीत घालायची, मनगट वळवायचं, मांस सुटं करून बादलीत टाकायचं. वडील दूरच्या मासेमारीच्या बोटीवर होते. वर्षातून दोनदा घरी येत, तेही झोपायलाच.

अभ्यासात ती मध्यम होती. फार बोलत नसे. पण एखाद्या मुलीच्या डोळ्यात कण गेला किंवा बोटात काटा शिरला तर सगळ्या तिच्याकडे जात. ती खिडकीपाशी उजेडात नेऊन काढून द्यायची आणि काढलेला काटा त्या मुलीच्या तळहातावर ठेवायची. "घे, तुझा," म्हणायची.

आमची शाळा मुलींची व्यापारी शाळा. पूर्वी आमच्या चांगल्या मुली शाळा संपली की थेट बँकेच्या खिडकीमागे जाऊन बसत. उन्सिल शेवटच्या वर्षाला आली तेव्हा देशभर बँकाच माणसं काढत होत्या. म्हणून पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायला मी मुलींच्या आयांना एकेक करून बोलावलं.

उन्सिलची आई रबरी बूट घालूनच आली. बोलताना ती डावा हात तोंडासमोर धरायची, हसताना तर दोन्ही. मी तिला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाबद्दल सांगितलं: दातांवर साचून दगडासारखं झालेलं किटण काढायचं, हिरड्या तपासायच्या, लोकांना दात राखायला शिकवायचं. शेवटी सरकारी परीक्षा, आणि पास झालं की परवाना.

"दात घासायला तीन वर्षं?" ती हाताआडून म्हणाली. "मग कपडे धुवायला किती?"

"आई!" उन्सिल म्हणाली.

"बरं, बरं. पण बाई, हे शिकून पोरीचं पोट भरेल का? खरं सांगा."

मी म्हटलं, परवाना असलेल्या मुलीला दवाखाने शोधत येतात. तेव्हाच्या वर्तमानपत्रात तसं छापून येत होतं, आणि माझाही त्यावर विश्वास होता.

उन्सिल मासानच्या कॉलेजात गेली. तिथून ती मला पत्रं लिहायची. पहिल्या पत्रात तक्रार होती: किटण काढायचं हत्यार पेनासारखं तीन बोटांत धरायचं असतं, चौथं बोट शेजारच्या दातावर टेकवायचं असतं आणि मग अगदी थोडं, वाटाण्याएवढं ओढायचं असतं. तिचा हात मात्र आपोआप मूठ वळून मनगट फिरवायचा. प्लास्टरच्या दातांचे तिने दोन जबडे फोडले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तू दात साफ करत नाहीस, उघडतेस." सबंध वर्ग हसला. त्या हिवाळ्यात ती शेडमध्ये गेली नाही. आईने विचारलं, "आता कालवांचा वास येतो का तुला?" ती म्हणाली, "नाही आई. हाताला सुरी विसरायला लावायचीय."

तिचं अक्षर वर्षभरात सुधारलं. मी तीन वर्षं ओरडून जे झालं नव्हतं, ते झालं.

त्या काळी परवान्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेला एक माणूस स्वतःच घेऊन जावा लागे. त्याचे स्वतःचे पुरेसे दात हवेत, आणि त्यांवर हत्याराला लागेल इतकं किटण हवं. दातांच्या दवाखान्यात काम करणारं कुणी चालत नसे. शेवटच्या वर्षाच्या मुली शरद ऋतूभर अशी तोंडं शोधत फिरायच्या. कुणी आतेभावाला धरायची, कुणी चर्चमधल्या ओळखीच्याला. होणारा नवरा सगळ्यात सोयीचा, पण तो बहुधा नेमका दात स्वच्छ ठेवणारा निघायचा.

चुसकच्या सणाच्या सुट्टीत, घरोघरी पूर्वजांना नैवेद्य दाखवून झाल्यावर, उन्सिल मला भेटायला आली. फराळ खाऊन झाल्यावर तिने संकोचत खिशातून छोटा आरसा काढला.

"बाई, जरा आ करा ना."

मी तोंड उघडलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे तिने आरसा धरला आणि तिचा चेहरा उजळला.

"बाई! किती छान आहे! केवढं साचलंय!"

"अगं, हळू बोल."

"परीक्षेला याल? नोव्हेंबरात, बुसानला. तोवर दातांना काही करू नका हं. आहे तसं राहू द्या."

मी हो म्हटलं. 'काही करू नका' म्हणजे दात काढू नका, भरून घेऊ नका, असं मी समजले.

परीक्षा शनिवारी होती. बुधवारी शाळा सुटल्यावर माझ्या मनात आलं की तीन दिवसांनी चार परीक्षक माझ्या तोंडात डोकावणार. एका शिक्षिकेच्या तोंडात. पाहुणे यायचे असले की आपण उंबऱ्यापासून घर आवरतो. मी कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात गेले आणि वीस मिनिटांत सगळे दात साफ करून घेतले. घरी येऊन जीभ फिरवली, काचेसारखे गुळगुळीत. त्याच आनंदात मी उन्सिलला फोन केला.

"काळजी करू नकोस, तुझी मान खाली जाऊ देणार नाही. आत्ताच सगळे साफ करून आले."



"सगळे, बाई?"

"सगळे."

"खालचेसुद्धा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुर्चीत बसले. उन्सिल म्हणाली, "असू दे बाई. दातांना ते चांगलंच आहे." मग हलक्या आवाजात, "मी बघते काहीतरी." परीक्षा वर्षातून एकदा होती. चांगवॉनच्या एका दवाखान्याने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, परवाना मिळाला तर. दोन दिवस उरले होते आणि तिच्या ओळखीतली सगळी तोंडं मैत्रिणींनी आधीच धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंदरावर गेले. शेडमध्ये लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या, शिंपल्यांचे ढीग मध्ये. मी उन्सिलच्या आईला झालं ते सांगितलं. तिने ऐकता ऐकता पाच कालवं फोडली.

"म्हणजे बाई, तुम्ही पाटी पुसून शाळेत गेलात," शेजारची बाई म्हणाली.

"पाटी कसली, फळाच पुसला," दुसरी म्हणाली. "माझं तोंड घेऊन जा. हे बघा." तिने आ केला, दोन्ही बाजूंना सोनं चमकलं.

"तू बँकेत जा, परीक्षेला कशाला?" तिसरी म्हणाली. "मी जाते. माझे चार उरलेत, चारही अस्सल."

सगळ्या हसल्या. उन्सिलची आई हसली नाही. तिचे दात कुणी पाहिले नव्हते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी उन्सिलने एकदा आरसा पुढे केला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "आईच्या तोंडात बघून लेक काय शिकणार?" त्यानंतर उन्सिलने विचारलं नव्हतं. आताही विचारलं नसतं.

आईने सुरी खाली ठेवली. हातमोजे काढले.

"माझे सगळे आहेत," ती म्हणाली. "कधी कुणाला दाखवले नाहीत, म्हणून सगळे आहेत. किती वाजता निघायचं?"

शनिवारी आम्ही तिघी पहिल्या बसने बुसानला गेलो. आईने गळ्यातला रुमाल नाकापर्यंत ओढून घेतला होता. मी डब्यात नेलेल्या किंबापला, भाताच्या गुंडाळ्यांना, तिने हात लावला नाही. उन्सिल वाटभर मांडीवर तीन बोटांत पेन धरून बसली होती, टोपण न काढता. मधेच ती म्हणाली, "आई, दुखलं तर डावा हात वर कर."

"डावा हात तर माझा नेहमी वरच असतो," आई रुमालाआडून म्हणाली.

मला आत सोडलं नाही. मी जिन्याखाली बाकावर थांबले. आत काय झालं ते आईने परतीच्या बसमध्ये सांगितलं, आणि तेही थोडंच. दिवा डोळ्यावर आला तेव्हा तिचा डावा हात आपोआप तोंडाकडे गेला. परीक्षक बाई म्हणाल्या, "आजी, हात खाली." ती तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. 'आजी' शब्दाचा तिला इतका राग आला की तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि शेवटपर्यंत तोंड उघडं ठेवलं. मग त्या परीक्षक बाईंनी वाकून बघितलं, दुसऱ्यांना बोलावलं, आणि त्यांनीही बघितलं.

"लाज वाटली?" मी विचारलं.

"वाटली. मग पोरीचा हात आला." तिने थोडा विचार केला. "हलका आहे हो. कालवं कधी एवढ्या हलक्या हाताने फोडली नाहीत तिने. तेव्हा असा हात असता तर मालकाने हाकललीच असती."

उन्सिल खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

ती पास झाली. चांगवॉनच्या दवाखान्यात तिने सात वर्षं काढली. दिवसाला पंधरा-सोळा तोंडं, मानेचं दुखणं, आणि डॉक्टरांच्या बायकोची बोलणी. मी जे आईला सांगितलं होतं ते अर्धं खरं होतं: दवाखाने परवानावाल्या मुलींना शोधत येतात, पण मुली तिथे टिकत नाहीत. तिच्या वर्गातल्या एकतीस जणींपैकी आज नऊ जणी हे काम करतात. एकीने फुलांचं दुकान काढलं, दोघी विमा विकतात, बाकीच्या मूल झाल्यावर परतल्या नाहीत. उन्सिलनेही मुलगी झाल्यावर काम सोडलं. तीन वर्षं घरी होती. मग सरकारी आरोग्य सेवेच्या परीक्षेला बसली, पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा नेमणूक मिळाली, आणि योगायोगाने आमच्याच गावच्या आरोग्य केंद्रात.

आता मीच आजी आहे. दर सहा महिन्यांनी मला तिचं पत्र येतं, छापील, त्यावर दात तपासायची तारीख. खुर्चीवर बसले की ती आधी विचारते, "बाई, साफ करून तर नाही ना आलात?" आणि सहायक मुलींना दर वेळी तीच गोष्ट सांगते. मुली दर वेळी हसतात.

तिची आई अजून मोसमात शेडमध्ये उभी राहते. शेजारणी सांगतात की ती हसताना हात वर नेते, पण अर्ध्यावर थांबते.

उन्सिल दर गुरुवारी सकाळच्या बोटीने समोरच्या बेटांवर जाते, तिथल्या म्हाताऱ्यांचे दात बघायला. त्या दिवशी आरोग्य केंद्रातली दातांची खोली बंद असते.