मारेल त्याने खायचं

आमच्या घरात मासेमारीचा विषय निघाला तो दुधी भोपळ्याच्या भाजीवरून. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने ताटातल्या फोडी एका बाजूला सारल्या आणि शांतपणे जाहीर केलं की ती शाळेच्या कँटीनमध्ये चिकन राइस खाते, फिशबॉल खाते, आणि बरेच दिवस खाते आहे.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं. माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, अंडंसुद्धा घरात येत नाही. वाढदिवसाचा केकही बिनअंड्याचा असतो आणि तो छान झालाय असं सगळे एकमेकांना सांगतात.

आरडाओरडा करायचा माझा विचार होता. माझा स्वभावच तसा आहे. ऑफिसात मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरी माणसांमधल्या. पण तिने मला सवडच दिली नाही.

"वेट, आई. माझा एक रूल आहे," ती म्हणाली. "जे मी खाते ते मला मारता आलं पाहिजे. नाहीतर इट्स चीटिंग. मला मारता नाही आलं, तर मी नॉनव्हेज बंद करणार. टोटली. अँड नो वेस्टिंग. जो मारेल त्याने खायचं."

"इथे बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये कोंबडी कुठे मारणार तू?" नवऱ्याने विचारलं. तो तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याला आधी जागेची अडचण दिसते.

"कोंबडी नाही लाह, बाबा. फिश. ईस्ट कोस्टच्या जेट्टीवर फिशिंग अलाउड आहे. मी चेक केलं."

सिंगापुरात वाढलेलं मूल. पाप-पुण्य मागाहून, आधी परवानगी आहे का ते बघणार.

मी म्हटलं, "ठीक आहे. मी येते तुझ्याबरोबर."

नवऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. पण माझं गणित अगदी सरळ होतं. ही मुलगी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते. कुंडीत गोगलगाय सापडली तर तिला पानावर घेऊन लिफ्टने खाली जाते आणि झाडात सोडून येते. तिच्या हातून मासा मरणार नाही याची मला खात्री होती, आणि मला तेच हवं होतं. नियम तिचाच होता. मी फक्त तिच्यासमोर मासा आणून ठेवायचा, पुढचं सगळं आपोआप होणार होतं.

या ताटाचं मला फारच लागून राहिलं होतं. पुण्याहून आलो तेव्हा ती कडेवर होती. आता मी मराठीत बोलते, ती निम्म्या इंग्रजीत उत्तर देते. दिवाळीचं परकर-पोलकं फोटो निघेपर्यंत अंगावर टिकतं. उरलं होतं ते जेवण. वरणभातावर लिंबू पिळताना ती बी खाली पडू नये म्हणून मधे बोट धरते, तसंच मी धरते, माझी आईही धरते. तेही जाणार म्हटल्यावर मला रागापेक्षा भीतीच जास्त वाटली.

तर आम्ही शिकायला लागलो. दोन गळ घेतले, एक तिचा, एक माझा. संध्याकाळी सोफ्यावर बसून व्हिडिओ बघायचे आणि दोऱ्याला गाठी मारायच्या. गाठी मला पटकन जमल्या, कारण लहानपणी ढिगाने गजरे केलेत. गळ फेकणं मात्र जमेना. पहिल्याच शनिवारी माझ्या गळाला नवऱ्याची टोपी लागली, आणि ती बरीच लांब गेली. नंतर तो आमच्यापासून अंतर राखून बाकावर बसायला लागला.

खरी अडचण आमिषाची होती. व्हिडिओत कोळंबी नाहीतर जिवंत अळ्या लावायला सांगत होते. ते आमच्याकडून होणं शक्य नव्हतं. मासा मारायला निघालेल्या बाईला कोळंबीला हात लावायची शिसारी का यावी, हे मला त्या दिवसांत कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मी कणीक मळली. घट्ट, पुरीला मळतात तशी, तेलाचा हात लावून. रंग दिसावा म्हणून हळद घातली आणि वास सुटावा म्हणून चिमूटभर हिंग. मुलीने मन लावून सुपारीएवढे गोळे वळले आणि आम्ही ते स्टीलच्या डब्यात घालून बसने आणि एमआरटीने अख्खं बेट ओलांडून समुद्रावर नेले.

कणीक पाण्यात पडली की सुटायची. पुढच्या शनिवारी पनीर नेलं. त्याच्या पुढच्या शनिवारी संकष्टी होती, म्हणून भिजवलेला साबुदाणा नेला. उपासाच्या दिवशी माशाला कणीक कशी द्यायची, असं माझ्या मनात खरंच आलं होतं.

जेट्टीवर एक चिनी आंटी घडीच्या स्टुलावर बसलेली असायची. निवृत्त होती, मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेलेली, म्हणून दर शनिवारी मासे. एकदा तिने आमच्या डब्यात डोकावून पाहिलं, एक साबुदाणा बोटात घेऊन दाबला आणि विचारलं, "यू फिशिंग ऑर यू फीडिंग?"

फीडिंगच चाललं होतं. जेवायला बसण्याआधी गाईचा घास बाजूला काढायची माझ्या माहेरी रीत होती. इथे गाय नाही. तो घास आम्ही समुद्राला देत होतो, आणि समुद्र कुठलीही कुरकुर न करता खात होता. नवरा दर खेपेला आशेने किनाऱ्यावरचा बार्बेक्यूचा पिट बुक करायचा आणि त्यावर आम्ही मक्याची कणसं भाजून घरी यायचो.

पण ते शनिवार मला आवडायला लागले होते, हे सांगायला हवं. घरात समोरासमोर बसून विचारलं तर "नथिंग" म्हणणारी ही मुलगी कठड्याला टेकून समुद्राकडे तोंड केलं की बोलायची. वर्गातली कोण कुणाशी बोलत नाही, गणिताची टीचर तिला का आवडत नाही, मोठी झाल्यावर पुण्याला राहायला तिला आवडेल की नाही. नाही, म्हणे. मध्येच विचारायची, फिशचे गिल्स म्हणजे मराठीत काय? कल्ले, मी सांगायचे. आणि स्केल्स? खवले. हे शब्द माझ्या स्वतःच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. गळ आमच्या दोघींच्या हातात सारखाच अडाण्यासारखा होता. आई म्हणून एरवी जे सगळं येत असल्याचा आव आणावा लागतो, तो तिथे आणायची सोय नव्हती.

एका शनिवारी तिने रिकामा गळ वर ओढला, त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, आपण फिश पकडायचा ट्रायच नाही करत आहोत."

बरोबर होतं. साबुदाण्याला मासा येणार नव्हता, आणि मासा आल्याशिवाय माझा हेतूही तडीला जाणार नव्हता. मी कोळंबी आणायला सुपरमार्केटात गेले. मासळीच्या काउंटरसमोर महाराष्ट्र मंडळातल्या एक बाई भेटल्या, गणपतीत अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पहिल्या रांगेत बसणाऱ्या. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. मी त्यांच्या बास्केटमध्ये कोथिंबिरीच्या जुड्यांखाली झाकलेलं चिकन पाहिलं. आम्ही दोघींनी उकाड्याबद्दल बोलून घेतलं आणि आपापल्या रांगेत गेलो.

कोळंबी फ्रीजमध्ये ठेवायला नवरा तयार नव्हता. ती बर्फाच्या डब्यात, दाराबाहेर, चपलांच्या मांडणीशेजारी राहिली.

मारायचं कसं ते आंटीने दाखवलं होतं. डोळ्यांच्या जरा वर, एकच फटका, जोरात. हळू मारलंत तर त्याला जास्त त्रास. ती त्यासाठी छोटा लाकडी दांडका वापरायची. आमच्याकडे दांडका नव्हता, म्हणून मी लिटल इंडियात जाऊन नवीन लाटणं घेतलं. दुकानदार म्हणाला, साथ में चकला भी ले लीजिए, अच्छा सेट है. मी म्हटलं, नको, नुसतं लाटणंच हवंय.

त्या शनिवारी सकाळी मासा लागला तो मुलीच्या गळाला. काठी वाकली, ती किंचाळली, मी तिच्या हातांवर हात ठेवले आणि दोघींनी मिळून तो वर ओढला. चंदेरी होता, माझ्या वितीहून मोठा. जेट्टीच्या सिमेंटवर पडला आणि आवाज करायला लागला. घशातून आल्यासारखा, दबका, डुकराच्या पिल्लासारखा आवाज. मासे मुके असतात असा माझा समज होता. आंटी म्हणाली, हा ग्रंटर आहे, तो असाच ओरडतो, आणि गळ आत गेलाय, आता सोडून देऊन उपयोग नाही, जगणार नाही. "फास्ट फास्ट, गर्ल."

मुलीने लाटणं उचललं. ओल्या फडक्याने मासा धरला, अगदी शिकवल्याप्रमाणे. लाटणं वर नेलं. मासा ओरडत होता. तिचा हात वरच राहिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या मनासारखं झालं होतं. इतके शनिवार ज्यासाठी घालवले ते समोर होतं, आणि मला त्यातलं काहीही नको होतं. तिचा चेहरा बघवत नव्हता. लाज, भीती, आणि आपणच केलेल्या नियमात आपण नापास झालोय हे कळल्याचा चेहरा.

"आई, तू मार ना," ती म्हणाली. संपूर्ण मराठीत. "त्याला दुखतंय."

मी लाटणं घेतलं. पहिला फटका घसरला. मासा जास्तच ओरडला. मी गुडघ्यावर बसले, डाव्या हाताने त्याला दाबून धरलं, तो गार होता आणि माझ्या अंदाजापेक्षा ताकदवान होता, आणि दुसरा फटका मी जीव खाऊन मारला. मासा गप्प झाला. हात बराच वेळ आपले वाटत नव्हते.

मुलगी रडत होती. मी तिला जवळ घेतलं, कोपरांनी, कारण हात घाण होते. आंटीने कात्रीने मासा साफ केला, समुद्राच्या पाण्याने धुतला आणि पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

पिटवर नवऱ्याने निखारे तयार ठेवले होते. पिशवी पाहून त्याला एकदम आठवलं की पाण्याच्या बाटल्या संपल्यात, आणि तो आणायला गेला तो लवकर आलाच नाही. माशाला काय लावतात ते मला माहीत नव्हतं. कणसांसाठी आणलेलं तिखट, मीठ आणि लिंबू होतं, आणि कणकेच्या दिवसांपासून पिशवीत पडून राहिलेली हळद. वांग्याच्या कापांना लावते तेच लावलं.

तो भाजून झाला तसा मी कागदाच्या ताटलीत काढला. मुलीने ताटलीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मी नाही खाऊ शकत. मला नाही मारता आलं. रूल इज रूल." मग तिने नाक पुसलं. "आणि वेस्ट नाही करायचा. तू मारलास."

हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. सगळी वाक्यं पहिल्या दिवशीच बोलली गेली होती, मी त्यातलं माझ्या सोयीचं तेवढं ऐकलं होतं. चुका शोधायचा पगार घेणारी बाई.

मी म्हटलं, "अगं, मी कसं..."

"जो मारेल त्याने," ती म्हणाली. ती मला कोंडीत पकडत नव्हती. डोळे सुजलेले होते आणि ती खरोखरच विनवत होती. त्या माशाचं काहीतरी नीट व्हावं एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिच्याच्याने होत नव्हतं.

तिने पिशवीतून माझा डबा काढला. पोळ्या आणि मेथीची भाजी. पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि खायला लागली, न कुरकुरता, शेवटच्या देठापर्यंत. माझ्या हातचं, माझ्या डब्यातलं. मी तिच्यासमोर बसले होते आणि माझ्या पुढ्यात मासा होता.

मी एक तुकडा उचलला. कसा धरायचा ते कळेना. पांढरं मांस बोटांत सुटत होतं. डोळे मिटून तोंडाकडे नेला, एवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"थांब, थांब. काटे असतात."

तिने माझ्या हातातला तुकडा काढून घेतला, आपल्या ताटलीच्या कडेवर ठेवला आणि बोटांनी उलगडला. सराईत होती. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीच्या घरी तिची आजी आख्खा मासा वाफवते, तिथे शिकली म्हणाली, मी विचारलं नव्हतं तरी. बारीक काटे एकेक करून बाहेर काढले, उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा चाचपून पाहिलं. मग लिंबाचे दोन थेंब पिळले, आणि बी पडू नये म्हणून मधे बोट धरलं.

"हळू चाव हं," असं म्हणून तिने तो घास माझ्या तोंडापाशी आणला, आणि मी तोंड उघडेपर्यंत तिचं तोंडही उघडंच होतं, लहान मुलाला भरवताना आपलं होतं तसं.