कॅलेंडर तीन बोटं डावीकडे

माझ्या मामीने आयुष्यात सिनेमे पाहिले असतील पंधरा-वीस, आणि त्यांतल्या निम्म्यांत ती मध्यंतरानंतर झोपली. तरीही माझा सिनेमा पुरा झाला तो तिच्यामुळे, आणि हे मी सत्काराच्या भाषणात म्हणतात तसं म्हणत नाही.

ती एका लाँड्रीत काउंटरवर बसायची. सव्वीस वर्षं. कपडा आला की तो उजेडात धरायचा, उलटसुलट करून बघायचा आणि पावतीवर लिहायचं : "डावी बाही, चहाचा डाग. तिसरं बटण नाही." म्हणजे नंतर गिऱ्हाइकाने येऊन हुज्जत घालायला नको. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी आलेल्या माणसाकडेही ती आधी त्याच नजरेने बघायची. मी पहिल्यांदा दाढी वाढवून गेलो तेव्हा 'कसा आहेस' वगैरे न विचारता ती म्हणाली, "उजवीकडे कमी उगवलीय."

सिनेमा करायचं माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा माझ्याकडे नट नव्हते, गाणी नव्हती, निर्माता तर नव्हताच. होती एक गोष्ट : नोकरीतून निवृत्त झालेला एक बाप एके दिवशी कुणाला काही न सांगता घर सोडून जातो. एक मित्र होता, तो लग्नांचं शूटिंग करायचा. ज्या रविवारी लग्न नसेल त्या रविवारी त्याचा कॅमेरा मोकळा. आणि मामांची पुढची खोली होती. मामा शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. बापाचं काम त्यांनाच दिलं, कारण ते कॅमेऱ्यासमोरही मशिनसमोर बसल्यासारखे बसत, चेहऱ्यावर काही न आणता. "आठ रविवार," मी मामीला म्हणालो होतो. झाली चार वर्षं.

या चार वर्षांत त्या खोलीत काहीही हलवायला बंदी होती. सिनेमात सगळं एकाच आठवड्यात घडतं, तेव्हा खोलीही एकाच आठवड्यातली दिसायला हवी. खुर्चीचा मोडका हात मोडकाच ठेवायचा. भिंतीवरचं कॅलेंडर एकाच महिन्यावर थांबलेलं. खरं कॅलेंडर मामीने स्वयंपाकघरात लावलं. भिंतीचे पोपडे निघाले होते आणि मामीला ती हिरवी रंगवायची होती. रंगाचा डबाही तिने आणून ठेवला होता, माझ्या सिनेमाच्या आधीपासून. मी दरवेळी म्हणायचो, "मामी, हा अगदी शेवटचा रविवार." ती म्हणायची, "तुझं ऐकून ऐकून डबा सुकला."

कुठली वस्तू कुठे होती हे टिपून ठेवायचं काम खरं तर माझं. मी फोटो काढायचो आणि हरवायचो. तिसऱ्या रविवारी खुर्चीच्या जागेवरून मी आणि मित्र हमरीतुमरीवर आलो होतो, तेव्हा मामी आतून लाँड्रीचं एक जुनं पावतीपुस्तक घेऊन आली आणि वाचायला लागली. "खुर्ची : मागचा उजवा पाय फरशीच्या चिरेवर. कॅलेंडर : कपाटापासून दोन वीत. ह्यांचा सदरा : वरून दुसरं बटण उघडं." त्या दिवसापासून मामी 'हं' म्हणेपर्यंत आमचा कॅमेरा सुरू झाला नाही. मित्र तिला इन्स्पेक्टर म्हणायचा, अर्थात ती आत गेल्यावर.

असं करत करत मामांचे सगळे प्रसंग झाले. राहिला एकच, शेवटचा शॉट : बाप गेल्यानंतरची रिकामी खोली. सव्वातीनला खिडकीतून ऊन आत येतं आणि सरकत सरकत त्या खुर्चीवर चढतं. हे ऊन खुर्चीपर्यंत वर्षातून पंधराएक दिवसच पोचायचं. त्यांतला एक रविवार मी ठरवला. पुढच्या आठवड्यात मित्र नोकरीसाठी कॅमेऱ्यासकट दुसऱ्या शहरात जाणार होता. म्हणजे तो रविवार हुकला की सिनेमा कायमचा लोंबकळला.

त्याच्या अकरा दिवस आधी मामांना दुकानातच अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. शुक्रवारी घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले. मामांना आता जिना चढता येणार नव्हता, तेव्हा पलंग खालीच, पुढच्या खोलीत टाकायचा होता. शिवाय बाथरूमपर्यंत धरून चालायला भिंतीला दांडा बसवून घ्या, असंही डॉक्टरांनी सांगितलं. तीच भिंत, पोपड्यांची.

यापुढचं लिहायला मला लाज वाटते. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मामी थर्मास घेऊन उभी होती. मी तिला विचारलं, "मामी, मामांना सोमवारपर्यंत इथेच ठेवता येईल का?"

तिला आधी कळलंच नाही. डॉक्टरांनी मला एकट्याला काहीतरी सांगितलंय असं वाटून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी घाईघाईने म्हणालो, "नाही गं, ते बरे आहेत. रविवारचा तो शॉट आहे ना, म्हणून..."

ती माझ्याकडे बघत राहिली, उजेडात कपडा धरून बघायची तसं. मग म्हणाली, "चार वर्षं आम्ही तुझ्या सिनेमात राहिलो. आता ह्यांना घरी येऊ दे." आणि जिना चढून गेली.

शुक्रवारी मी गेलो नाही. शनिवारीही नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती. आपण असं विचारलं याचं वाईट वाटत होतं, आणि सिनेमा बुडाला याचंही. आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त डाचत होतं.

रविवारी सकाळी मामीचा फोन आला. "किती वाजता येताय? ऊन काही तुमच्यासाठी थांबायचं नाही."

गेलो आणि दारातच थबकलो. पलंग सुटा करून स्वयंपाकघरात उभा केला होता. खुर्चीचा पाय फरशीच्या चिरेवर. सगळं पावतीबरहुकूम. मामा कॅमेरा लागायचा त्या जागेच्या मागे, दाराशी, उशीला टेकून बसले होते आणि शनिवारी सुताराने बसवून दिलेला दांडा त्यांच्या मांडीवर आडवा होता. मामीने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो स्वतः उतरवला होता. भिंतीतली त्याची एका टोकाची भोकं कपाटाआड गेली होती. दुसऱ्या टोकाची दोन उघडी पडत होती, म्हणून तिने कॅलेंडर त्यांच्यावर सरकवलं होतं.

"अगं, पण मामांना आतबाहेर करायला..."

"आजच्या दिवस दांडा मी," मामी म्हणाली. "तू कॅमेरा लाव."

मी माफी मागायला तोंड उघडलं. मामा जड जिभेने म्हणाले, "आधी... शॉट."

सव्वातीनला ऊन आलं. सहा मिनिटं कुणी हललं नाही. मामांना मध्येच उठायचं होतं हे मला नंतर कळलं. त्यांनी मामीचा हात घट्ट धरला आणि ऊन खुर्चीवर चढेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मी 'कट' म्हणताच दोघं उठली आणि एकमेकांना धरून भिंतीकडेने आत गेली. परत आल्यावर मामीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. आमचा स्टँड आवरून व्हायच्या आत दांडा जागेवर होता.

असल्या सिनेमाला थिएटर कोण देणार? दीड वर्षाने एका ग्रंथालयाच्या सभागृहात तो दाखवला. चाळीसेक माणसं होती. मामा-मामी पहिल्या रांगेत. मामी शेवटपर्यंत जागी होती, हा मी माझा पुरस्कार धरतो. नंतर प्रश्नोत्तरं झाली. एक बाई उभ्या राहिल्या. "शेवटच्या शॉटमध्ये कॅलेंडर किंचित सरकलंय. बाप गेल्यावर घरातला काळच जागचा हलला, असं तुम्हाला सुचवायचंय ना?"

काय नजर! आणि उत्तर तर आयतंच हातात दिलेलं. "अगदी बरोबर ओळखलंत," मी सुरुवातही केली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामी बसल्या जागेवरून म्हणाली, "तीन बोटं डावीकडे. पावतीवर लिहिलंय मी."

लोक हसले. मला हसता आलं नाही. माईक हातात धरून मी त्या अनोळखी माणसांना सांगितलं, की कॅलेंडरमागे दोन भोकं आहेत. ती कशाची आहेत ते सांगितलं, आणि हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी काय विचारलं होतं तेही. मग जे दीड वर्षात जिभेवर आलं नव्हतं ते म्हणालो, "मामी, चुकलं माझं."

मामांनी उजवा हात थोडा वर केला.

"कळलं," मामी म्हणाली. "आता खाली ये. ह्यांना उठायचंय आणि इथे दांडा नाहीये."

मी माईक टेबलावर ठेवला आणि मामांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.