गिटारच्या मानेचा बस्ता

माझ्या बेस गिटारची मान चार स्क्रूंवर बसलेली आहे, हे ज्याला सांगावं तो माझ्याकडं संशयानं पाहतो. लोकांना वाटतं, गिटार म्हणजे एकाच लाकडातून कोरलेली वस्तू. अरे, कुठली! धड वेगळं, मान वेगळी, मागून एक लोखंडी पट्टी अन् चार लांब स्क्रू. दाराला बिजागरी बसवायला जेवढी अक्कल लागते तेवढीच याला. बायको म्हणायची, "तुमचं सामान बी तुमच्यावानी. मान कवा ढिली होईन, नेम नाई."

तेलंगणात आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या दसऱ्याच्या आगंमागंची ही गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळत होतो. कोणत्या, ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. कचेरीची वाटणी निघाली होती, अन् भावाभावांची वाटणी परवडली म्हणायची पाळी आली होती. कपाटं, खुर्च्या, फायली, सगळ्यांना चिठ्ठ्या लागल्या. एक पंखा आमच्याकडं राहिला अन् त्याचं बटण दुसऱ्या जिल्ह्याला गेलं. माणसांनाही ऑर्डरी निघाल्या.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दोस्तालाही निघाली. अठरा वर्षं आमचं टेबलाला टेबल लागून. कचेरीच्या ऑर्केस्ट्रात तो गायचा अन् मी खालून बेस धरायचो. बाकीचे आले-गेले, आम्ही दोघं कायम. घरी तेलुगू बोलायचा, पण मराठीत शिव्या माझ्यापेक्षा सरस. त्याला घाट उतरून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत रेकॉर्डचा मुख्य म्हणून जायचं होतं. मला ते मुळीच मंजूर नव्हतं. तो गेला तर मी बोलायचं कोणाशी, कपाटाशी? मी स्वतःच्या हातानं त्याचा अर्ज लिहिला, की ऑर्डर रद्द करून याला इथंच ठेवावं. असा अर्ज, की वाचणाऱ्यानं डोळे पुसावे. नियम सोपा होता: नव्या जागी हजर झालं की अर्ज मेला, हजर होईपर्यंत जिवंत. म्हणून मी त्याला रोज बजावायचो, "तिकडच्या बसमंदी पाय बी ठेवू नको."

जाणाऱ्यांच्या निरोपाला शनिवारी ऑर्केस्ट्रा ठरला. तो म्हणाला, "मी जाणाऱ्यात नाई, गाणाऱ्यात आहो." मला फार बरं वाटलं.

मंगळवारी सराव केला तर प्रत्येक तार मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर घासून खर्रर करायची. उन्हाळा अन् पावसाळा खाऊन मान वाकली होती. तिच्या पोटात एक सळई असते. सळईचा नट पिळला की मान सरळ होते. शहाणे लोक तो नट वरच्या टोकाला ठेवतात. माझ्या गिटारमध्ये तो खालच्या टोकाला, धडात गाडलेला. म्हणजे पाव फेरा द्यायचा तर अख्खी मान उतरवा. करणाऱ्याचं वाटोळं होवो!

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डरूममध्ये कामाला लागलो. तारा काढल्या. चारही स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवले. मान काही निघेना. वर्षानुवर्षं बसलेली, खुर्ची न सोडणाऱ्या साहेबासारखी. जरा हलवली, जरा शिव्या दिल्या, तशी कर्र करून सुटली. नटाला पाव फेरा दिला अन् तेवढ्यात साहेबांची हाक आली.

आता मान ठेवायची कुठं? आमच्या कचेरीत 'हात लावू नये' लिहिलं की लोक हात लावायला लांबून येतात. पण एका वस्तूला कोणी हात लावत नाही, ती म्हणजे बस्ता. लाल कापडात दोरीनं बांधलेलं रेकॉर्ड. निजामाच्या काळचे बस्ते माझ्याकडं होते, त्यांच्या गाठी मी रुजू झालो तेव्हापासून सुटल्या नव्हत्या. गावनकाशाची गुंडाळी अन् गिटारची मान, लांबी जवळजवळ सारखी. मी मान लाल कापडात गुंडाळली, पक्की गाठ मारली, वर चिठ्ठी लावली: 'गावनकाशा'. खाली एका बेचिराख गावाचं नाव. ज्या गावात दिवा लावायला माणूस उरला नाही, तिथला नकाशा मागायला येणार कोण? स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की साहेबांसमोरही हसत उभा होतो.

गुरुवारी सकाळी पाहतो तर अर्धी मांडणी रिकामी. रात्रीतून हुकूम आला होता अन् उजाडता ट्रक भरून गेला होता. ते बेचिराख गाव घाटाखालच्या नव्या जिल्ह्यात गेलं होतं. नकाशे गेले, नकाशांबरोबर मान गेली. माझ्याकडं धड, बशी अन् चार स्क्रू.

तिथल्या रेकॉर्डकीपरला फोन लावला. हा माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगेलासा गृहस्थ. म्हणालो, "बाबा, तेवढा एक बस्ता परत धाड."

"सर, बस्ता रजिस्टरात चढला. आता लेखी हुकमाबिगर कसा सोडू?"

"अरे, मी सांगून राह्यलो ना!"

"तुमीच तं शिकवलं सर. सख्खा बाप आला तरी सोडायचा नाई."

शिकवलं होतं. झक मारली अन् शिकवलं.

शुक्रवारी रजा टाकली. माझे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून मावला गावच्या शाळेत शिकवणाऱ्या बायकोला सुट्टी घ्यायला लावली. ती म्हणाली, "लोक माणसाच्या मागं जातात, तुमी लाकडाच्या मागं जा." बोथच्या फाट्यावर बस पाऊण तास उभी. घाट उतरून पोचलो तर शिष्यानं उठून नमस्कार केला, चहा मागवला अन् रजिस्टर पुढं केलं. त्यानं बस्ता सोडून पाहिला होता. नोंद केली होती: 'जमीन मोजण्याची जुनी लाकडी पट्टी, खाने वीस, एका टोकाला दोरी बांधायच्या चार खुंट्या.'

"सर, एक पाह्यलं का? याचे खाने सारखे नाईत. बारीक बारीक होत जातात. म्हणूनच त्या काळात गरिबाची जमीन मोजणीत कमी भरत असन."

मी कपाळावर हात मारला. "हे गिटार आहे रे!"

"असन सर. पण वस्तू दफ्तरात जमा हाय. सेक्शनच्या मुख्याची सही आणा, आत्ता देतो."

"कुठं आहे मुख्य?"

"जागा रिकामी हाय सर. तुमचे दोस्त हजर व्हायचे हायत ना."

हात हलवत परत आलो. संध्याकाळी दोस्ताला सगळं रंगवून सांगितलं, मोजणीच्या पट्टीसकट. तो पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे सही माहीच लागते?"

"हो, पण तू हजर झाल्यावर. सोड. उद्या बेसबिगर गा."

"बेसबिगर मी नाई गात बे," तो म्हणाला अन् घरी गेला.

शनिवारी सकाळी त्याची खुर्ची रिकामी. दुपारपर्यंत पत्ता नाही. मी सगळ्यांवर खेकसत फिरत होतो. तीनच्या सुमारास हा आला. घामानं भिजलेला, काखेत लाल बस्ता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

"सही कोणाची?"

"माही. नव्या कचेरीतली पैली सही."

रेकॉर्डरूमचं दार लावून आम्ही मान बसवायला घेतली. त्यानं धड धरलं, मी मान खाचेत दाबली. स्क्रू आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक करून बसला की मग सुलटा. पहिला टक झाला. दुसरा झाला. मग माझं डोकं फिरलं.

"गाढवा! एका लाकडापायी हजर झालास? अर्ज मेला ना तुझा! मी एवढं जीव तोडून लिहिलं, अन् तू..."

"लाकडापायी कोण जाते बे? मले यादी पाह्यल्यापासून जायचंच होतं, तुह्या मानेनं निमित्त देल्लं." त्यानं आवाज खाली केला. "बदल्यांची यादी वाचली होती का तू? माहा अर्ज मंजूर झाला असता तं माह्याखालचं नाव जाणार होतं."

"कोणाचं?"

त्यानं बशीतला तिसरा स्क्रू उचलून माझ्या हातात दिला अन् म्हणाला, "तुह्या घरी बाप अंथरुणावर. माहं काय, पेटी उचलली का निघालो."

अठरा वर्षं याद्या सांभाळल्या मी, अन् ती एक यादी वाचली नव्हती. स्वतःलाच घाटाखाली धाडायचा अर्ज मी लिहून बसलो होतो, तोही इतका फक्कड. मी नुसता स्क्रू पिळत राहिलो.

"बस कर, लाकूड फाटंन," तो म्हणाला अन् पेचकस माझ्या हातून घेतला. चौथा स्क्रू त्यानंच बसवला. ताराही त्यानंच चढवल्या, कारण मला काही दिसत नव्हतं.