अभिमनचं दर रविवारचं लग्न

जळगावात आज कुणीही उठतो आणि डीजे लावतो. पण एक्याण्णव-ब्याण्णव साली हे याड शहराला लावलं ते अभिमननं. हे मलाच सांगावं लागतं, आणि सांगताना जीव जळतो. का नाही जळणार? कॅसेटचं दुकान माझं. गाणी मी भरून द्यायचो. आणि नाव कुणाचं? अभिमनचं!

अभिमन माझ्याच गावचा, पाचोऱ्याकडचा. शाळेत माझ्या मागच्या बाकावर, तेही नापास होऊन. पुढे यावलहून जळगावला केळीचा टेम्पो चालवायला लागला. एकदा केळी घेऊन सुरतेला गेला, तिथं त्याला कुणीतरी कॅसेटचे दोन डेक जोडून दाखवले. झालं! एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात असं सोडायचा, की पाय थांबायलाच तयार नसत. माझ्या दुकानात दोन डेक असून मला हे सुचलं नाही, ही वेगळीच आग.

जागा म्हणजे कापसाच्या जिनिंग, सरकी काढायच्या गिरण्या. हंगाम सरला की त्या पावसाळाभर रिकाम्या, भिंती हातभर जाड, आणि वॉचमन अभिमनच्या ओळखीचे. वेळ रविवारी दुपारची, कारण पोरींना संध्याकाळी घरचे सोडत नसत. पोरंपोरी एकत्र नाचतात म्हटल्यावर बोंब झाली असती. म्हणून जागा दर वेळी वेगळी, आणि पत्ता कुणालाच सांगायचा नाही. दाराला फक्त केळीचे दोन खांब बांधायचे. जाणाऱ्यायेणाऱ्याला वाटायचं, लग्न आहे. कॉलेजची पोरं मात्र लुनावरून गल्लोगल्ली खांब शोधत फिरायची. सापडले की आत!

मीही शोधायचो. सापडायचेही. मग समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचो. आत कसा जाऊ? गावात वरातीपुढे माझ्यासारखं कुणी नाचत नव्हतं, मला बघून बँडवाले चाल बदलायचे. आणि आमच्यात भाऊबंद घरी येऊन कुंकू लावतो, तेव्हा माणूस लग्नाला जातो. अभिमननं कुंकू राहू दे, नुसतं "रुपचंदभाऊ, या" म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हटलं बेट्यानं! दुकानात यायचा, भरलेल्या कॅसेटी घ्यायचा, दात काढायचा आणि चालता व्हायचा.

जूनमधल्या एका रविवारी खांब होते स्टेशनजवळच्या जिनिंगला. त्याच दिवशी मागच्या गल्लीत आमच्या नात्यातलं खरंखुरं लग्न होतं. मुहूर्ताला वेळ होता म्हणून मी टपरीवर. बघतो तर माझी आई भागाबाई, डोक्यावर आहेराचं बोचकं, मागे दोन मावश्या, एसटीतून उतरून तडक चालल्यात. केळीचे खांब दिसले, गाणं ऐकू आलं, आणि तिघी सरळ आत!

मी उठलो आणि परत बसलो. खरं सांगतो, मनात उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता आई त्या पोरींना बघणार, कपाळ बडवत बाहेर येणार आणि पाचोरा तालुकाभर अभिमनची अब्रू जाणार. बरी जिरेल लेकाची!

गाणं मधेच बंद झालं. मी कान टवकारले. मग आमच्याकडचं हळदीचं गाणं लागलं आणि आत असा ओरडा उठला, की टपरीवाला पंडितही किटली घेऊन रस्त्यात आला.

बऱ्याच वेळानं आई बाहेर आली, तसा मी उठून पुढे झालो. घामाघूम, पदर खोचलेला, तोंडभर हसू. वडील गेल्यापासून मी तिला असं बघितलं नव्हतं. मला म्हणाली, "रुपचंद, तू आठे काबर उभा शे? अभिमन कितला गुनी पोऱ्या शे रे! बठ्ठास्ले नाचाडं त्यानी."

माझं डोकंच फिरलं. म्हणे गुणी पोरगा, म्हणे सगळ्यांना नाचवलं, आणि वर मलाच विचारते इथं का उभा! "ते लगन नही शे. तू चुकीसन घुसनी मधमा."

"ते माले मधमा जाताच समजनं."

"मंग नाचत काय बसनी? माले त्यानी एकदाबी बलायं नही!"

आईनं काखेतलं बोचकं काढलं. "माले तरी कोनी बलायं व्हतं रे?" असं म्हणाली आणि बोचकं माझ्या हातात देऊन पुन्हा आत गेली.